माझ्या अदीचे तिघे

कॅन्सरच्या नव्या औषधाच्या चाचणीचं संमतीपत्र मराठीतच होतं, पण कुणाच्या तोंडून कधी ऐकू न येणाऱ्या मराठीत. ‘सदर अन्वेषणात्मक औषधाचे संभाव्य प्रतिकूल परिणाम’ वाचताना माझीच जीभ अडखळत होती. मे महिना. शिरोड्याच्या अलीकडे खाडीच्या अंगाला मामाचं घर. दुपारचा वारा पडला की मिठागरांवरचा खारट उबारा सरळ लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, येऊन बसतो. मामा बाकड्यावर, पाठीशी मामीच्या जुन्या लुगड्याची घडी. मामी उंबऱ्याशी हाताला खोबरेल लावून काप्या फणसाचे गरे काढत होती. मामेभाऊ विरारहून फोनवर, स्पीकर चालू. वाचायचं काम माझ्याकडे, कारण “तू ब्यांकेत असस, तुका असले कागद वाचूची सवय.” मळमळ, उलट्या, ढाळ, रक्तातल्या पेशी कमी होणं, यकृताला सूज. एकेका नावाला मामा मान हलवत होता. यातलं बरंचसं त्याचं आधीच्या औषधांत भोगून झालं होतं. मग ते वाक्य आलं. या अभ्यासात सहभागी झाल्याने आपणास वैयक्तिक लाभ होईलच असे नाही. मात्र आपल्या सहभागातून मिळणारी माहिती भविष्यातील रुग्णांना उपयुक्त ठरू शकेल.

“परत वाच गो.”

परत वाचलं. मामा थोडा वेळ सुपातल्या गऱ्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे हे औषध माका देतत, की माका औषधाक देतत?”

मामीचे हात थांबले नाहीत. फोनमधून मामेभाऊ म्हणाला, “बाबा, ता कायद्यासाठी लिवचा लागता. तसा काय नसता.” मी पान उलटलं. मामाने एक गरा तोंडात टाकला, आठळी गालात धरून ठेवली आणि पुढचं ऐकू लागला. विषय तिथेच मिटला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही, कारण मामेभावाचं म्हणणं नेमकं उलटं होतं. दुष्परिणामांची ती लांबलचक यादी कायद्यासाठी असेल एक वेळ. पण हे एक वाक्य अक्षरशः खरं होतं, आणि एवढ्या पानांतून मामाने तेवढंच उचललं होतं. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत आजार किती हटतो हा मुख्य प्रश्नच नसतो. नवं औषध माणसाला किती झेपतं, कुठल्या मात्रेला अंग नको म्हणतं, ते रक्तात किती वेळ टिकतं, हे आधी बघायचं असतं. इतर आजारांत हे बहुधा धडधाकट माणसांवर बघतात. कॅन्सरची औषधं विषारी, म्हणून ती बहुधा ज्यांचे बाकीचे उपाय संपलेत त्यांनाच देतात. उपाय संपलेला माणूस ‘नवीन औषध’ हे दोन शब्द ऐकतो तेव्हा त्याच्या कानात काय वाजत असेल, हे फोनवरच्या मामेभावाच्या आवाजात मला ऐकू येत होतं. त्याला बाप हवा होता. संमतीपत्राला माहिती हवी होती. आणि दोघांनाही एकाच कागदावर मामाची सही हवी होती.

मामाचं आणि कॅन्सरच्या औषधांचं नातं तसं जुनं. तरुणपणी, नव्वदच्या दशकात, तो दोडामार्गच्या बाजूला जंगलात एका ठेकेदाराकडे राबायला होता. तिथे तो नरक्या तोडायचा. फुलोऱ्यात नाक धरायला लावणारं झाड. सुतार त्याला हात लावत नसत, आणि एकाएकी त्याला भाव आला. लाकडाचे तुकडे पोत्यांत भरून रात्रीचे ट्रक घाट चढायचे. “खंय जाता, कित्याक जाता, आमका काय म्हायती? रोज गावता मां, मगे झाला.” आजही सिंधुदुर्गात वनखात्याने नरक्याची पोती पकडली अशी बातमी अधूनमधून असतेच. या लाकडात कॅम्पटोथेसिन असतं. ते पहिल्यांदा वेगळं काढलं चीनमधल्या एका झाडातून, १९६६ साली, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या जोडीने. वाणी आपल्या नंदुरबारचे. टॅक्सॉल हे कॅन्सरचं दुसरं औषधही याच दोघांचं. १९७२ मध्ये भारतातल्या रसायनशास्त्रज्ञांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं. तोवर अमेरिकेत त्याच्या माणसांवरच्या चाचण्या सुरू झालेल्या होत्या. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याचा सोडियमचा क्षार करून शिरेतून दिलं, आणि रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं. चाचण्या गुंडाळल्या. औषध पुढे कित्येक वर्षं बाजूला पडून राहिलं. १९८५ च्या सुमारास ते पेशीतल्या कुठल्या विकराला (एन्झाइमला) जखडतं हे उलगडलं, आणि जपानातल्या याकुल्ट कंपनीने (हो, तीच, छोट्या बाटलीतलं आंबटगोड पेय विकणारी) घडवलेलं त्याचं सुधारित रूप, इरिनोटेकॅन, जगभर पोचलं. अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

मामाच्या मोठ्या आतड्याचा आजार यकृतावर पोचला तेव्हा त्याला हेच लावलं. बाटलीवरचं नाव वाचून मी त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. हसला. “म्हणजे मी तोडलंय ताच माझ्या शिरेत सोडल्यानी.” नंतर ढाळ लागले तेव्हा म्हणाला, झाड सूड घेता. त्या औषधाने त्याला बरे म्हणावेत असे काही महिने दिले. त्यात एक आंब्याचा हंगाम बसला, नातवाचं बारसं बसलं. मला मात्र तेव्हापासून सत्तरच्या दशकातल्या त्या अमेरिकन माणसांची आठवण येते, ज्यांना मी ओळखत नाही आणि ज्यांची नावं कुठे छापलेली नाहीत. त्यांना लाल लघवी झाली म्हणून पुढच्यांना कळलं की हे असं देऊन चालणार नाही. त्यांच्या पदरात काय पडलं? यातना, आणि एक थांबवलेली चाचणी. मामाच्या नातवाच्या बारशाचे पेढे कुठेतरी त्यांच्या खात्यावर लिहायला हवेत, असं माझ्यातल्या बँकवाल्या बाईला वाटतं.

कागदाच्या शेवटी रकाने होते. शिक्षण: “धावी. तीनदा.” व्यवसाय: बागायत आणि मोलमजुरी, दोन्ही लिव. वार्षिक उत्पन्न म्हटल्यावर मामा खरोखरच विचारात पडला. “खंयच्या वर्षाचा सांगू? तौक्ते इला त्या वर्षाचा, की मोहोर धरलो त्या वर्षाचा?” शेवटी आम्ही मधला काहीतरी आकडा घातला. त्याखाली वारसाचं नाव, पत्ता, नातं. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची, त्यासाठी. मामीने तेव्हा पहिल्यांदा गऱ्यांवरून मान वर केली आणि आपलं नाव माहेरच्या आडनावाशिवाय नीट लिहिलंय ना, एवढंच विचारलं.

ते नियम मी नंतर बसून वाचले, सवयीचा दोष. नवी औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९. हे सुखासुखी झालेले नाहीत. चाचण्यांतल्या मृत्यूंवरून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला चांगलंच धारेवर धरलं होतं, त्यानंतर हळूहळू चौकट घट्ट होत गेली. चाचणीत इजा झाली तर उपचार फुकट. नीतिसमितीत डॉक्टरांखेरीज बाहेरचा एक साधा माणूस असलाच पाहिजे. नव्या रेणूची चाचणी असेल आणि रुग्ण असहाय स्थितीतला असेल तर त्याची संमती कॅमेऱ्यासमोर घ्यायची. हे सगळं वाचताना बरं वाटत होतं. मग सातवी अनुसूची आली, भरपाईच्या सूत्राची. पायाभूत रक्कम ८ लाख, तिला वयाच्या अंकाने गुणायचं, मग जोखमीच्या अंकाने, आणि ९९.३७ ने भागायचं. उत्पन्न त्यात कुठेच येत नाही, तेव्हा आमची ती मारामारी फुकट गेली. जोखमीचा अंक असा: निरोगी माणसाला ४. सहा महिन्यांहून जास्त जगण्याची शक्यता नसलेल्याला ०.५०. म्हणजे मामाच्याच वयाचा, त्याच्याच वाडीतला धट्टाकट्टा शेजारी चाचणीत गेला असता, तर मामाच्या आठपट. मी रोज लोकांची तारणं बघते, घराची, बागेची, बैलगाडीचीसुद्धा एकदा बघितली आहे. हिशेबामागचं तर्कट मला कळतं. आजार त्याला नेणारच होता, औषधाने नेलं तर ते अर्धंमुर्धंच नेणं. पटतं, आणि पटतं म्हणूनच त्याचा राग जात नाही. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

मामीला यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. “देवीक इचारल्याबिगर हे खंय जावचे नाय.” मग एका सकाळी देवळात. घाड्याने गाऱ्हाणं घातलं, बाराच्या पूर्वसापासून सुरुवात करून मुंबईच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना त्यात घेतलं, नव्या औषधाला यश मागितलं, आणि आम्ही सात-आठजण ‘व्हय म्हाराजा’ म्हणत राहिलो. कौल घ्यायला देवीच्या अंगावर ओल्या कळ्या लावल्या. बराच वेळ काहीच हललं नाही. गाभाऱ्यात तेलाचा, ओल्या दगडाचा आणि वटवाघळांचा मिळून जो वास असतो तो नाकात बसलेला. मामीचे डोळे मिटलेले, मामाचे उघडे. मामेभाऊ खास विरारहून आलेला. त्याला वेगळीच काळजी पोखरत होती. चाचणीत निम्म्यांना पाण्याची गोळी देतात असं त्याने कुठेतरी ऐकलेलं. तसं काही कॅन्सरच्या औषधाच्या पहिल्या टप्प्यात बहुधा नसतं, इथे येणाऱ्या प्रत्येकाला औषधच मिळतं. चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडतात ते पुढच्या टप्प्यांत, आणि कॅन्सरच्या तशा चाचण्यांतही दुसऱ्या गटाला बहुधा चालू असलेला रूढ उपचार मिळतोच. हे मी त्याला देवळाच्या पायरीवर हळू आवाजात समजावत असताना आत उजवी कळी पडली. देवीचा होकार.

मामा हसतमुखाने बाहेर आला. त्याच्या हसण्याचं कारण मला पुढे कळलं. डॉक्टरांच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं की आपण कारण न देता केव्हाही या अभ्यासातून बाहेर पडू शकता. देवीच्या कौलात ही सोय नव्हती. पहिल्या महिन्यात तोंड आलं, ढाळ सुरू झाले, जिभेला चव म्हणून राहिली नाही, पेजही कडू लागे. तेव्हा मामेभाऊच दोनदा म्हणाला, बाबा, सोडूया. मामाने सोडलं नाही. होकार इस्पितळाला दिलेला नव्हता ना. नीतिसमितीतल्या त्या बाहेरच्या साध्या माणसाला हे कुणी सांगायला हवं होतं, की रुग्णाची ऐच्छिक संमती तपासताना त्याच्या गावची देवी कोण आहे तेही विचारत जा.

औषधाला नाव नव्हतं. चार अक्षरं आणि मग आकडे. मामाला ते जराही विचित्र वाटलं नाही. त्याच्या बागेत वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची काजूची कलमं आहेत, त्यांनाही असंच वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात म्हणतात, आणि ती बाहेर काढायच्या आधी कुणाच्या तरी जमिनीत लावून बघितलेली असणारच, असं त्याचं म्हणणं. “सात नंबराची बी मोठी. पण ता कळाक धा वर्षां गेली आसतीत.” दहा वर्षं. हे बोलताना त्याचा चेहरा अगदी सरळ होता.

तुतारी एक्सप्रेस सकाळी दादरला पोचते. तिथून लालबागच्या चाळीतली आमच्या गावच्या मंडळाची खोली. गिरण्यांच्या दिवसांत तिथे पाळीपाळीने वीस-वीस पुरुष झोपत. आता भिंतीवर त्यांच्या ट्रंका ठेवायच्या फळ्या तेवढ्या उरल्यात, आणि खोलीत जवळजवळ कायम कुणीतरी आजारी माणूस असतो. कोकणातून मुंबईला पूर्वी कमवायला जात, आता तपासायला जातात. कॅप्सूल उपाशीपोटी घ्यायची, वेळ डायरीत लिहायची. पहिल्या दिवशी दिवसभर ठरावीक तासांनी रक्त काढलं, औषध अंगात किती चढतं, किती उतरतं ते बघायला. मामा संध्याकाळी दंड दाखवत म्हणायचा, “मच्छराक पण दया येयत.” पण त्याचं खरं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे लागलं होतं. डॉक्टरांनी मात्रेची पद्धत समजावून सांगितली होती. तिघांना एक मात्रा द्यायची आणि सुमारे महिनाभर थांबायचं. तिघांपैकी कुणालाही मोठा अपाय झाला नाही तर पुढच्या तिघांना थोडी जास्त. एकाला झाला तर त्याच मात्रेवर आणखी तिघे. दोघांना झाला तर तिथेच थांबून एक पाऊल मागे. मामाच्या आधी तिघे होऊन गेले होते.

“माझ्या अदीचे तिघे कोण? बरे आसत मां ते?”

डॉक्टर नावं सांगू शकत नव्हते. अपाय झाला नाही म्हणूनच तुमची पाळी आली, इतकंच ते म्हणाले. मामाने त्यांना मनातल्या मनात माणसं करून टाकलं. एक बाई धरली, एक देशावरचा शेतकरी, आणि एक शिकलेला, चष्मेवाला. घरी फोन आला की त्यांची चौकशी असल्यासारखा तो बोलायचा. मग आपल्या बरोबरीचे दोघे शोधण्याचा नाद लागला. रक्त काढायच्या खोलीबाहेर तो लोकांच्या हातांकडे बघत बसे. एक दिवस सोलापूरकडच्या एका गृहस्थाच्या पिशवीतून तशीच निळी डायरी डोकावताना दिसली. विचारायची बंदी नव्हती, चहा पाजायचीही नव्हती. मला फोन आला, “आमच्यातलो एक गावलो!” गावाहून कुणी भाऊबंद भेटावा इतका आनंद. त्या गृहस्थाला मामाचं मालवणी कळत नव्हतं आणि मामाला त्याच्या ज्वारीच्या गप्पा, पण पुढच्या प्रत्येक खेपेला मामीने त्याच्यासाठी सोलकढीची आगळ बाटलीत भरून पाठवली. तोंडाला चव आणते म्हणून.

या दिवसांत मी आकडे शोधत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने चालवलेल्या पहिल्या टप्प्याच्या ४६० चाचण्यांचा एकत्रित हिशेब आहे, १९९१ ते २००२ मधल्या, जवळपास बारा हजार रुग्णांचा. शंभरांत साधारण दहा-अकरा जणांच्या गाठी लक्षात येण्याइतक्या आक्रसल्या. दोनशेत एकजण औषधानेच गेला. नव्या, नेमका निशाणा साधणाऱ्या औषधांत काही ठिकाणी चित्र याहून बरं आहे. दहांत एक. हा आकडा मोठा की लहान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लॉटरीच्या मानाने प्रचंड, आणि आपल्या माणसाच्या मानाने काहीच नाही. आणखी एक गोष्ट तेव्हा हाती लागली, तिने जरा वेगळा धीर दिला. परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तोंडाच्या-घशाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब हे महागडं इंजेक्शन नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी देऊन पाहिलं, जोडीला स्वस्तातल्या गोळ्या. १५१ रुग्ण. नुसत्या गोळ्यांवरचे वर्षभराने शंभरातले १६ हयात होते, इंजेक्शन मिळालेले ४३. २०२२ च्या शेवटी हे प्रसिद्ध झालं. सगळं जग ‘किती जास्त झेपेल’ विचारत असताना ‘किती कमी पुरेल’ असं विचारायचं सुचलं, ते दारात पैशांशिवाय उभी असलेली माणसं रोज दिसत होती म्हणूनच सुचलं असणार. हाही प्रयोगच. मामाचा आजार वेगळा, त्याला याचा काडीचा उपयोग नव्हता, पण चाचणी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर फक्त उंदीर येत होता तो त्या दिवसापासून जरा बाजूला सरला.

उंदीर हा शब्द गावात सगळ्यांच्या तोंडी होता. “मुंबयक तेच्यावर प्रयोग करतत खंय.” म्हणणाऱ्यांत तो शेजारीही होता, ज्याने मामासाठी घाटावरच्या कुणा जाणत्याकडून करड्या पावडरीच्या पुड्या आणल्या होत्या. पुडीवर नाव नाही, मात्रा नाही, घटक नाहीत, आधी कुणी घेतली आणि त्यांचं काय झालं याची ओळसुद्धा नाही. प्रयोग तो होता, आणि बिनकागदाचा. त्यात आधीचे तिघेच काय, तीनशे असतील, आणि त्यांच्यापासून कुणीही काही शिकलेलं नाही. मी हे बोलून दाखवलं तर शेजाऱ्याला राग आला आणि मामीलाही थोडासा. वाडीतल्या मुलांनी दुसरीकडून आयआयटी मुंबईत बनलेल्या कार-टी उपचाराची (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत द्यायच्या) बातमी व्हॉट्सॲपवर धाडायचा सपाटा लावला. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याला मान्यता मिळाली, ती अभिमानाचीच गोष्ट. पण तो रक्ताच्या ठरावीक कॅन्सरसाठी आहे, आतड्याच्या नव्हे. प्रत्येकाला हे सांगता सांगता मामी दमली. शेवटी शेवटी ती ‘बघतंव’ म्हणून फोन ठेवून द्यायची.

तपासणीची एक तारीख ऐन चवथीत आली. चाचणीतल्या तारखा दगडावरच्या रेघा असतात असं मी समजून चालले होते, पण तिथे समन्वयाचं काम करणारी मुलगी चिपळूणची निघाली. तिला गणपतीत कोकणी माणसाला मुंबईत अडकवणं म्हणजे काय, ते फोडून सांगावं लागलं नाही. नियमात जे दोन-तीन दिवस मागेपुढे चालतात त्यात तिने सगळं बसवलं आणि हरितालिकेच्या सकाळी मामा कुडाळ स्टेशनवर उतरला. गर्दीने पिळून निघालेला, पण उतरला. त्या वर्षी माटवी, गणपतीवरचं फळाफुलांचं छत, त्याने खुर्चीत बसून बांधून घेतली. कांगण्या, हरणं, कवंडळं कुठे टांगायची यावरून पोरांवर ओरडला. आरतीला त्याचा आवाज फुटला नाही. ऋषिपंचमीची भाजी खाल्ली, थोडी.

चवथीनंतरच्या स्कॅनमध्ये यकृतावरच्या गाठी वाढलेल्या निघाल्या. नियमाप्रमाणे औषध बंद. डॉक्टर वाईट वाटून बोलले. मामानेच त्यांना म्हटलं, तुमचो काय दोष? परतीच्या गाडीत तो खिडकीला डोकं टेकून होता, आणि संगमेश्वरच्या पुढे कुठेतरी त्याने विचारलं, माझ्या मात्रेक कोणाक मोठो अपाय झालो नाय मां? मला ठाऊक नव्हतं. पुढचे महिने घरी गेले. मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या, त्यांनी बरंच सोसण्याजोगं केलं. त्या आधीच मिळायला हव्या होत्या, चाचणी चालू असतानाही. दुखणं कमी करणं म्हणजे हार मानणं अशी आपल्या घरांत जी समजूत आहे तिने मामाच्या किती रात्री खाल्ल्या. थंडी ओसरताना तो गेला. बागेत मोहोर होता, बऱ्यापैकी.

मामीची तक्रार औषधाबद्दल नव्हती. प्रवासाचे पैसे मिळाले होते, तपासण्या फुकट होत्या, माणसं बोलायला गोड होती. तिची तक्रार दिवसांची होती. लावणीच्या दिवसांत तो मुंबईला, पहिल्या पावसाचे कुर्ले आणले तेव्हा मुंबईला, नातू चालायला लागला तेव्हा त्या लालबागच्या खोलीत फळीखाली पडलेला. “आधीच थोडे होते. त्यातले असले इतके त्यांका दिले. त्या दिसांचा भाडा कोण देतलो?” सातव्या अनुसूचीत याला अंक नाही. मामेभावाला हे बोलणं लागतं, कारण आग्रह त्याचा होता. मला दोघांचंही पटतं. आणि निळी डायरी दिसली म्हणून फोनवर ओरडणारा मामाही आठवतो. आजारपणाच्या त्या सगळ्या काळात तो तितका खूश मला दुसऱ्या कुठल्याही दिवशी दिसलेला नाही. रुग्णाला स्वतःचा लाभ होईलच असे नाही, असं लिहिणाऱ्याने लाभ म्हणून कदाचित गाठीच मोजल्या असतील. मामा काय मोजत होता ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने काजूचंच काहीतरी सांगितलं असतं.

महिन्याभराने चिपळूणच्या मुलीचा फोन आला, नोंदीसाठी. तारीख, कारण, शेवटची औषधं. मामीने सगळं सांगितलं आणि मग तिनेच उलटतपासणी घेतली. ह्यांच्यानंतरच्या तिघांचं काय? मुलगी म्हणाली, नावं-गावं सांगता येत नाहीत काकी, पण पुढची मात्रा सुरू झालीय. म्हणजे मामाच्या मात्रेवर कुणी मोठं घायाळ झालं नव्हतं. मामीने मला ते दोनदा सांगितलं, एकदा फोनवर आणि एकदा समोर. औषध बाजारात येणार की नाही ते कळायला अजून काही वर्षं जातील, हेही मुलीने प्रामाणिकपणे सांगून टाकलं. त्यावर मामी म्हणाली, “मगे तोपर्यंत अधनंमधनं फोन करीत रव.”

मुलीने ते मनावर घेतलं. अलीकडचा फोन चाचणीबद्दल नव्हताच. तिच्या घरी कार्य आहे, तिला उसळीसाठी ओले काजूगर हवे होते. मामीने सात नंबराचे द्यायचं कबूल केलं. तिने सांगितलेला भाव मला चढा वाटला, पण बाजारात बाईशी वाद घालायची माझी टाप नाही.